वारुळात औषध ओतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या बांधावर आंब्याखाली कमरेएवढं वारूळ होतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन उघडीप पडली, की तिथं पहाटे अळंबी फुटायची. सासूबाई टोपली घेऊन मला उठवायच्या, "चल गं, उमलली की ती किड्यांची." खरंच, छत्री पूर्ण पसरली की बारीक माशा अंडी घालतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठ मोडला तर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. तसली त्या तोडतच नसत.

गेल्या वर्षी कापसाची काही झाडं वाळवीनं खाल्ली. औषधाच्या दुकानात विचारून मुलानं वारुळाला पहारीनं भोकं पाडली आणि बादलीभर औषध ओतलं. यंदा अळंबी आली नाही. तिच्या जागी बोटासारखे काळे, चिवट कोंब वर आले. टिकावानं वारूळ फोडलं तर आत एक वाळवी नव्हती.

मुलगी कृषी पदवीला शिकते. तिनं सांगितलेलं ऐकून मी दोन दिवस बेचैन होते. वारुळाच्या पोटात अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले, स्पंजासारखे गोळे असतात. ही वाळवीची शेती. पऱ्हाटी, पाचोळा, वाळलं गवत खाऊन ती त्याचे थर रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी ते मऊ करते, मग वाळवी बुरशीचे खसखशीएवढे पांढरे दाणे आणि जुना झालेला गोळाही खाते. तीच बुरशी पावसाळ्यात लांब मुळासारखा देठ काढून जमिनीवर येते, ती आपली अळंबी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस; इंग्रजीत वाळवीला टर्माइट म्हणतात, म्हणजे नावातच वाळवी आहे. ही जोडी काही कोटी वर्षांची. वाळवी मेली की राखण संपते आणि एरवी दबून असलेली काळी बुरशी गोळ्यांचा ताबा घेते. ते काळे कोंब तिचेच. धिंगरी आपण सोयाबीनच्या भुसकटावर पिशवीत घेतो, पण ही अळंबी वाळवीवाचून कुणाला शेतात लावता येत नाही.

वाळवी नुकसान करते, हे मी नाकारत नाही. पण कच्चं शेणखत टाकलं नाही, पऱ्हाटीचे ढीग वावरात ठेवले नाहीत, तरी पुष्कळ आळा बसतो. सल्ला मात्र सगळीकडे एकच मिळतो, वारूळ खणा, राणी मारा. आपल्या शेतीच्या पानावर एवढं जरूर छापा, की बांधावरच्या आणि पडीक जागेतल्या वारुळाला हात लावू नका. आणि जिथं औषध ओतलंय, तिथली अळंबी कुणी खाऊ नये.

नागपंचमीला आम्ही बायका ह्याच वारुळाला लाह्या-दूध वाहायला जायचो. आता शिवारात माझ्या माहितीतली दोनच जिवंत वारुळं उरली आहेत. एक शेजाऱ्याच्या बांधावर आहे, त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. दुसरं गायरानात आहे, तिथं सांगायला कुणी एक मालक नाही, म्हणून हे पत्र.

एक शेतकरीण,
ता. किनवट, जि. नांदेड