इको करणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय.

बाबांचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तुम्ही केलात. त्यांना डाव्या कुशीवर वळवलंत, जेल गार लागेल हे आधी सांगितलंत आणि मग तो हातातला छोटा प्रोब छातीवर टेकवलात. मी पायाशी उभी होते. आदल्या दिवशी आम्हाला घाईघाईत एवढंच कळलं होतं की हृदयाचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, लीक आहे. रात्रभर मला झोप नव्हती.

पडद्यावर निळा झोत उसळला आणि मी घाबरून विचारलं, "हे अशुद्ध रक्त का?" तुम्ही हात न हलवता म्हणालात, "नाही हो, हे रंग फक्त दिशा दाखवतात. प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं." शाळेपासून डोक्यात बसलेलं तांबडं-निळं चित्र त्या एका वाक्यात पुसलं गेलं.

मग चार कप्पे दाखवलेत. हृदयाचं टोक पडद्यावर वर येतं, म्हणून खालचे कप्पे वर दिसतात, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी सगळं उलटंच समजले असते. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड होती. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं, डाव्याला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत.

आणि डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली ती मायट्रल झडप! बाकीच्या तिन्ही झडपांना तीन-तीन पाकळ्या, हिला दोनच. तुम्ही चित्र थांबवून पाकळ्यांच्या कडेला असलेल्या बारीक दोऱ्या दाखवल्यात. त्या खाली स्नायूंच्या छोट्या खांबांना बांधलेल्या असतात. कप्पा आवळला की स्नायूही आवळतात, दोऱ्या ताणून धरतात, म्हणून पाकळ्या वरच्या कप्प्यात उलटत नाहीत. हृदयात अशी दोरखंडांची कामगिरी चालते, हे मला माहीतच नव्हतं. बाबांची एक पाकळी मात्र दर ठोक्याला वरच्या कप्प्याकडे झुकत होती. "निदान काय ते डॉक्टर सांगतील," असं तुम्ही स्पष्ट म्हणालात, तेही मला आवडलं.

डॉक्टरांनी "एक दोरी तुटलीये" म्हटलं तेव्हा ती कुठली, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून तर विचारता आलं, झडप बदलायची की दुरुस्त होईल? दुरुस्त झाली. कृत्रिम धाग्याच्या नव्या दोऱ्या घातल्या आणि बाबांची स्वतःची झडप राहिली.

ताई, तुमच्यामागे पेशंटची रांग होती, तरी तुम्ही माझ्यासाठी चित्र थांबवलंत. मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात परत इको आहे. बाबांना सांगून ठेवलंय, पडद्यावर निळं दिसेलच, घाबरू नका. रक्त महाधमनीकडे निघालेलं असेल.

तुमची,
एका पेशंटची मुलगी