उजव्या बाहीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

शेवटच्या दिवशी तुमच्या दवाखान्यातून निघताना माझ्या तोंडून ‘धन्यवाद’ एवढाच शब्द निघाला आणि तो किती अपुरा आहे हे जिना उतरतानाच जाणवले. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण खांदा धरून नागपूरभर हिंडणारे माझ्यासारखे आणखीही असतील.

मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, पण फळ्यावर हात वर करून कधी खांदा दुखला नाही. दुखला तो गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, नळाला जोर नसल्यामुळे रोज सहा-सात बादल्या उचलून कूलरच्या टाकीत ओतताना. कळ खांद्याच्या पुढच्या बाजूने दंडात उतरायची आणि थेट अंगठ्यापर्यंत जायची. त्या कुशीवर झोपता येईना, मागच्या खिशातले पाकीटही काढता येईना.

पुढच्या वर्षभरात तीन ठिकाणी गेलो. नावे घेत नाही. मानेचा एमआरआय झाला, त्यात मणक्यांची झीज दिसली आणि त्यानंतर माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही. सगळे त्या फिल्मकडेच पाहत राहिले. एका ठिकाणी दिवसभर पेंग आणणाऱ्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे ‘या वयात एवढे चालायचेच’ असे ऐकायला मिळाले. तिसऱ्या ठिकाणी ‘शर्ट काढा’ असे सांगून मदतनीस मोबाईलमध्ये रमला. बाही कोपराशी अडकून मी अर्धवट उघडा उभा असताना त्याने मान वर केली ती ‘काका, पटकन करा ना, बाहेर पेशंट आहेत’ हे सांगायला. त्या दिवशी दुखण्यापेक्षा लाजच अधिक वाटली.

तुमच्याकडेही पहिल्या दिवशी तेच वाक्य आले, ‘शर्ट काढावा लागेल’, आणि माझे अंग आपोआप आखडले. तुम्ही मात्र खुर्चीवरून उठलात. आधी डाव्या हाताची बाही मोकळी केलीत, शर्ट पाठीमागून फिरवून उजवीकडे आणलात आणि उजवी बाही हातावरून अलगद खाली ओढून घेतलीत. दुखरा हात मला तसूभरही उचलावा लागला नाही. हे सारे चालू असताना तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. यंदा ऊन किती लांबले, याबद्दल बोलत होता. परत घालताना पहिली बाही उजवी. ‘दुखरा हात घालताना पहिला, काढताना शेवटचा. घरी काकूंनाही सांगून ठेवा,’ एवढेच म्हणालात. वर्षभर रोज सकाळी मी कण्हत शर्ट घालत होतो आणि ही साधी गोष्ट मला, घरच्यांना किंवा त्या तीन ठिकाणच्या कोणालाही सुचली नव्हती.

मग तुम्ही माणसाच्या आकृतीचा छापील कागद आणि लाल पेन्सिल पुढे केलीत व दुखते तो भाग रंगवायला सांगितलात. तो कागद पाहून तुमचा अंगठा मात्र खांद्याच्या पुढच्या भागावर न जाता मागे, फऱ्याच्या हाडावर गेला. तिथे दाबताच कळ पुढच्या बाजूला उमटली आणि दंडातून खाली धावली. इन्फ्रास्पायनॅटस नावाच्या स्नायूतली ती ताठर गाठ होती. मणक्यांची झीज माझ्या वयात काही न दुखणाऱ्यांच्याही एमआरआयमध्ये दिसते, हेही मला तेव्हाच पहिल्यांदा कळले.

ड्राय नीडलिंग, म्हणजे गाठीत सुई टोचून ती सैल करणे, म्हटल्यावर मी घाबरलो होतो, हे तुम्हाला दिसलेच असेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे तुम्ही आधी विचारलेत. सुई इंजेक्शनच्या सुईहून बारीक, तिच्यात औषध नाही म्हणून ती ‘कोरडी’, आणि या जागी खाली हाड असल्यामुळे ती फुप्फुसाकडे जात नाही, हे मला समजेल अशा शब्दांत सांगितलेत. कारेल लेविट या चेकोस्लोव्हाकियातील डॉक्टरांनी १९७९ मध्ये असे मांडले होते की अशा दुखऱ्या जागी दिलेल्या इंजेक्शनांचा गुण बऱ्याचदा औषधाचा नसून सुईचाच असतो, हे ऐकून माझ्यातला मास्तर सुखावला. सुई गाठीत शिरली तेव्हा स्नायू असा उडाला, की माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तेच डोळ्यांपुढे आले. पुढचे दोन दिवस खांदा ठणकणार, हेही तुम्ही लपवले नव्हते आणि तो ठणकलाच. ‘सुईने गाठ सैल होईल, पण ताकद व्यायामानेच येईल,’ या तुमच्या बजावण्यामुळे रबरी पट्टा आजही आमच्या खिडकीच्या गजाला बांधलेला आहे. सुईचे श्रेय मी नाकारत नाही. चार वेळांत रात्रीची झोप परत आली. तरी कोणी विचारले तर मी आधी बाहीचीच गोष्ट सांगतो.

ती सांगताना मला माझाच वर्ग आठवतो. उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या एका मुलाला ‘डाव्या हाताने काढ’ असे सांगून मी पुढच्या बाकाकडे वळलो होतो. त्याचा कागद सारखा सरकत होता. तो चिमट्याने पॅडला लावून द्यावा, हे मला सुचले नाही आणि त्यानेही मागितले नाही. तुमच्याकडे माणसाने काही मागण्याआधीच ते दिसते, आणि दिसल्यावर त्याचा गाजावाजा होत नाही. गर्दीच्या दवाखान्यात, दर वीस मिनिटांनी नवा पेशंट येत असताना, हे सोपे नसणार.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांचे लाकडी बैल माझ्याकडून रंगवून झाले नाहीत; ब्रश धरता येत होता, पण हात अधांतरी टिकत नव्हता. यंदा अकरा रंगवले. बारावा तुमच्या लेकासाठी आहे. शिंगांचा रंग अजून ओला आहे, शनिवारी आणून देतो.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, नागपूर