ताई, आधी ‘निप/टक’ बघा

मायामी
रविवार, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप ऐकला. लेकीला नाकाचं ऑपरेशन करून हवंय, भाऊजी घरात हा विषय काढू देत नाहीत, आई म्हणते ‘आपल्या घराण्याचं नाक आहे ते’, आणि तू सगळ्यांच्या मध्ये अडकली आहेस. ‘तू रोज असे पेशंट बघतेस, तूच सांग,’ असं तू म्हणालीस. फोनवर हे नीट बोलून होत नाही. वाक्य पुरं होईस्तोवर तुझ्याकडे दारावरची बेल वाजते, नाहीतर माझी ड्यूटीची वेळ होते. म्हणून बसून लिहिते आहे.

आधी एका मालिकेबद्दल सांगते. तिचं नाव ‘निप/टक’. २००३ च्या जुलैमध्ये ती इथल्या एफएक्स वाहिनीवर सुरू झाली आणि २०१० च्या मार्चमध्ये संपली. सहा पर्वं, शंभर भाग. रायन मर्फीने ती निर्माण केली. गोष्ट याच मायामीतली. शॉन मॅकनमारा आणि ख्रिश्चन ट्रॉय हे कॉलेजपासूनचे मित्र, दोघेही प्लास्टिक सर्जन, भागीदारीत क्लिनिक चालवतात. शॉनला वाटतं, आपल्या हातून दुभंगलेले ओठ आणि भाजलेले चेहरे नीट व्हावेत. ख्रिश्चनला पैसा हवा, गाड्या हव्यात, बायका हव्यात. ख्रिश्चनची भूमिका करणारा ज्युलियन मॅकमॅहन २०२५ च्या जुलैमध्ये कॅन्सरने गेला (त्याचे वडील एकेकाळी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते), तेव्हा आमच्या रिकव्हरी वॉर्डात या मालिकेचा विषय निघाला आणि मी ती पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली.

ती अश्लील आहे, किळसवाणी आहे, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नाही. पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संघटनेने तिच्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली होती. बेडरूममधले प्रसंग आहेत, खून आहेत, आणि पहिल्याच भागात हे दोघे डॉक्टर एक प्रेत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत मगरींपुढे टाकतात. आईसमोर लावू नकोस. पण याच मालिकेला २००५ साली उत्कृष्ट नाट्यमालिकेचं गोल्डन ग्लोब मिळालं, आणि मला ते योग्य वाटतं.

कारण या मालिकेने कात्री कुठे चालते ते दाखवलं. प्रत्येक भागाला त्या भागातल्या पेशंटचं नाव असतं, आणि त्या पेशंटचं ऑपरेशन आपल्याला बघावं लागतं. कातडी उचलली जाते, नाकावर छिन्नी लावून हातोडी मारली जाते, चरबी ओढणारी नळी पोटात जोरजोरात आत-बाहेर होते. आणि हे सगळं चालू असताना ऑपरेशन थिएटरमध्ये छानसं गाणं लागलेलं असतं. गाणी खऱ्या थिएटरमध्येही लागतात, यात अतिशयोक्ती काही नाही. त्या कृत्रिम कातडीच्या आणि जखमांच्या मेकअपला २००४ साली एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. तुझ्या लेकीने फोनवर ज्या क्लिप बघितल्यात त्यात काय असतं? डावीकडे आधीचं नाक, उजवीकडे नंतरचं. मधलं सगळं गाळलेलं. ‘निप/टक’ने नेमकं ते मधलं आपल्या डोळ्यांपुढे धरलं. त्या बाबतीत तिच्याइतकी खरी मालिका मी दुसरी बघितली नाही.

तिच्यातलं एक वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे. पेशंट समोर येऊन बसला की डॉक्टर म्हणतात, ‘तुम्हाला स्वतःबद्दल काय आवडत नाही ते सांगा.’ माझी तळमळ या प्रश्नावरून आहे, ताई. डॉक्टरने विचारायचं असतं काय होतंय, कुठे दुखतंय, कधीपासून. इथे पेशंटने आधी स्वतःला नापास करायचं, मग डॉक्टर हातात सुरी घेणार. आणि एकदा असं विचारलं की कुणाला उत्तर सापडणार नाही? तुला नाही सापडणार? मला तर लगेच चार गोष्टी आठवल्या.

पहिल्या भागातच किंबर नावाची एक मॉडेल येते. सुंदर मुलगी. ख्रिश्चन तिला सांगतो की दहापैकी तू आठ आहेस. मग लाल लिपस्टिकने तिच्या उघड्या अंगावर एकेक दोष आखून दाखवतो. ती रडते आणि त्याच्याच टेबलावर जाऊन झोपते. मला वाटायचं ही एका भागापुरती असेल. पण ती शेवटच्या पर्वापर्यंत आहे. दरम्यान मालिकेत एक मुखवटा घातलेला गुन्हेगार येतो, लोकांचे चेहरे कापत हिंडणारा. तो तिला पळवून नेतो आणि भूल न देता तिच्यावरची सगळी ऑपरेशनं उलटी फिरवतो. ख्रिश्चन तिला पुन्हा ‘दुरुस्त’ करतो. सहाव्या पर्वात ती बोटीवरून समुद्रात उडी टाकून जीव देते. गोष्ट भडक आहे, मान्य. तरी त्या लिपस्टिकच्या रेघा मला खऱ्या वाटतात, कारण त्या रेघांआधी किंबरला स्वतःत काही कमी आहे असं वाटतच नव्हतं.

आता तुझ्या लेकीचं. नाकाचं वेड तिला कधीपासून लागलं, ते मी तुझ्याच बोलण्यातून जुळवलं. दिवाळीत आली तेव्हा ती तेच नाक घेऊन हसत-खिदळत होती. मग ते नाशिकचं स्थळ आलं, पोहे झाले, आणि निघताना मुलाची मावशी दारात म्हणाली, ‘मुलगी छानच आहे, नाक तेवढं जरा...’ वाक्य पुरंसुद्धा केलं नाही तिने. तू सांगितलंस तेव्हा मला तीच लिपस्टिक आठवली. त्या मावशीच्या अर्ध्या वाक्यासाठी आपल्या पोरीने भुलेखाली जायचं, हे मला सोसत नाही.

मालिकेत जे नसतं ते मी सांगते, कारण ते माझं काम आहे. पडद्यावर ऑपरेशन तीन मिनिटांत संपतं आणि पुढच्या प्रसंगात बाई नटूनथटून उभी. प्रत्यक्षात ती थिएटरमधून आमच्याकडे येते. भूल उतरताना कुणी रडतं, कुणाला ओकाऱ्या होतात, कुणी आईला हाक मारतं. नाकाच्या ऑपरेशनमध्ये उंचवटा घासून काढला की वर पोकळी राहते. ती मिटवायला दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवावी लागतात. म्हणून डोळ्यांखाली काळंनिळं होतं, पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. नाकावर साधारण आठवडाभर स्प्लिंट, म्हणजे नाक जागेवर धरणारी कडक पट्टी. नाकाने श्वास घेता येत नाही, तोंड कोरडं पडतं, रात्र सरत नाही. दोन-तीन आठवड्यांत चारचौघांत जाण्याइतकं बरं होतं, पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. आपल्यासारखी नाकाची कातडी जाड असेल तर आणखीही. म्हणजे स्प्लिंट काढल्यावर आरशात जे दिसतं ते नवं नाक नसतंच. कितीतरी पोरी त्या दिवशी आरसा खाली ठेवून गप्प बसतात, आणि मी त्यांचा हात धरून हेच समजावत असते. हाड-कूर्चा जास्त काढली गेली तर श्वासाचा त्रास मागे लागतो, आणि दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं.

तरीही नाकाचं ऑपरेशन इथल्या इतर प्रकारांपुढे सौम्यच म्हणायचं. पोटाची चरबी काढून नितंबांत भरायची, असा एक प्रकार दक्षिण फ्लॉरिडात जोरात आहे. रस्तोरस्ती स्पॅनिशमध्ये जाहिराती, हप्त्यांची सोय, बाहेरच्या राज्यांतून विमानाने येणाऱ्या बायका, ऑपरेशननंतर राहायला भाड्याची घरं. सुई खोल स्नायूत गेली तर चरबी मोठ्या शिरेत शिरते आणि थेट फुफ्फुसांत पोचते. बाई टेबलावरच जाते, वाचवायला वेळ मिळत नाही. सर्जनांच्या संघटनांच्या कृतिदलाने या ऑपरेशनचं मृत्युप्रमाण ३,००० मागे १ इतकं असू शकतं असं सांगून सगळ्यांना सावध केलं होतं. नुसत्या शोभेच्या ऑपरेशनला हा आकडा भयंकर आहे. शेवटी २०२२ मध्ये फ्लॉरिडाच्या वैद्यक मंडळाने तातडीचा नियम काढला: एका सर्जनने दिवसाला ३ पेक्षा जास्त करायची नाहीत आणि सुई कुठे आहे ते अल्ट्रासाउंडवर बघत करायचं. सर्जन दिवसभर एकामागून एक करत होते, थकत होते, म्हणून हे लिहून द्यावं लागलं. मालिका संपून बारा वर्षं झाली होती तेव्हा. ती भडक होती म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

पण मी प्लास्टिक सर्जरीच्या विरोधात आहे असं लेकीला वाटू देऊ नकोस. भाजलेल्या पोराची चिकटलेली मान सुटून तो वर बघायला लागतो, कॅन्सरने स्तन गेलेल्या बाईला पुन्हा ब्लाउज नीट बसतो, हे मी बघितलंय. आणि या विद्येत आपल्या पुण्याचं नाव आहे, हे भाऊजींना मुद्दाम सांग. त्यांना इतिहासाची आवड आहे, त्या निमित्ताने तरी बोलते होतील. १७९२ च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठी बैल हाकणारा होता. टिपूच्या लोकांनी त्याला धरून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कुंभाराने त्याला नाक करून दिलं. मेणाचं नाक बनवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तेवढी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती कातडी पिळून खाली वळवली आणि काताच्या लेपाने चिकटवली. पुढे तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून नाक मोकळं. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी हे बघितलं, १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी वळवून नाक करायची रीत आजही वापरतात. त्वचेच्या कॅन्सरमुळे नाक गेलेल्या पेशंटला अजून तेच करतात. त्या कुंभाराचं नाव कुणी नीट नोंदवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं मत विचारशील तर मी म्हणेन, आत्ता नको. ते नाशिकचं स्थळ आधी नाही म्हणून कळवा. मग वर्षभर थांबा, तिचं शेवटचं वर्ष होऊ दे, नोकरीला लागू दे. तोवर दोघी मिळून या मालिकेची पहिली दोन पर्वं बघा. पुढची नाही बघितली तरी चालेल. क्लिनिक लॉस एंजेलिसला हलल्यावर तिचा तोल सुटला आणि धक्का देण्यासाठी धक्के सुरू झाले. पण पहिली दोन बघा, आणि बघताना लिझ क्रूझकडे लक्ष दे. ती तिथली भूलतज्ज्ञ. सर्जन उत्साहात असतात तेव्हा ‘हे आपण का करतोय?’ असं विचारणारी ती एकटी असते.

आणि वर्षानंतरही लेकीची इच्छा तशीच राहिली, तर तिला एकटीला पाठवू नकोस, तू बरोबर जा. ब्यूटी क्लिनिकच्या पाटीला भुलू नका. डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. ही खास पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, ते बघा. भूल कोण देणार आणि तो डॉक्टर शेवटपर्यंत थिएटरमध्ये असणार का, रात्री काही झालं तर आयसीयू कुठे, हे विचारा. नाकाचा पडदा वाकडा आहे का तेही तपासून घ्या. लहानपणी ती तोंड उघडं टाकून झोपायची, ते माझ्या लक्षात आहे. तसं असेल तर श्वासासाठी ऑपरेशन करणं ही वेगळी गोष्ट, त्याला माझी ना नाही, भाऊजींचीही नसेल. आणि जो डॉक्टर पहिल्याच भेटीत नाकाबरोबर हनुवटीचंही सुचवेल, त्याच्याकडून उठून या. या मालिकेचा निर्माता मर्फी पत्रकार असताना पोटऱ्यांच्या शस्त्रक्रियेवर लिहायचं म्हणून पेशंट बनून बेव्हर्ली हिल्सच्या एका सर्जनकडे गेला, तर डॉक्टरने त्याला त्याच्यातलेच इतर दोष मोजून दाखवले. त्यातून ही मालिका सुचली, असं त्याने सांगितलंय.

लेकीला हे पत्र वाचायला दे, त्या मुलाच्या मावशीबद्दलचा भाग गाळू नकोस. रविवारी मला सुट्टी असते. तुमच्याकडे संध्याकाळी सात वाजले की इथे सकाळ असते, तेव्हा तिला फोन करू दे, आणि तू खोलीत थांबू नकोस. तिला माझ्याशी एकटीने बोलायचं असेल.

भाऊजींना नमस्कार. आईच्या गुडघ्यांना तेल लावण्याबरोबर तो व्यायामही रोज करून घे.

तुझी,
धाकटी