शापोऱ्याच्या मुखाशी धावून आलेल्या काकांस

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या ऑक्टोबरमध्ये गोव्यातील शापोरा नदीच्या मुखाशी आमची होडी ओहोटीबरोबर समुद्राकडे ओढली जात असताना आपण आणि आपले दोन पुतणे जाळ्याचे काम अर्धवट टाकून आमच्याकडे वळलात, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. त्या संध्याकाळी धक्क्यावर उतरल्यावर माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही आणि आपणही आभार ऐकायला थांबला नाहीत, म्हणून हे सर्वांदेखत लिहिणे मला आवश्यक वाटले.

शिवोलीहून आम्ही भाड्याच्या होडीने निघालो होतो. इंजिन बंद पडले ते नेमके मुखाजवळ, आणि शापोऱ्याच्या किल्ल्यावर फिरणारी माणसे तिथून स्पष्ट दिसत असल्यामुळे सुरुवातीला कोणी घाबरलेच नाही. ओहोटीचे पाणी बाहेर धावते, समुद्राची लाट आत येते आणि वाळूच्या दांड्यावर दोन्हींची गाठ पडली की लाट उभी राहून फुटते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. होडी लाटांना आडवी झाली आणि पाणी काठावरून आत आले, तेव्हा कळले.

आवाज पोहोचेल इतक्या अंतरावर येताच आपण पहिला प्रश्न विचारलात, "कितीजण आहात?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो, कोणी सात म्हणाले, कोणी आठ. निघताना माणसे मोजलीच नव्हती. त्या क्षणी वाटलेली शरम अजून गेलेली नाही, कारण आमच्यातला एखादा पाण्यात पडला असता तर त्याला शोधायचे आहे हेसुद्धा आम्हाला सांगता आले नसते. मग आपण नांगर टाकायला सांगितलेत आणि त्याचा दोर आखडता न ठेवता भरपूर सोडायला लावलात. नांगर धरताच होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेकडे वळली आणि आत येणारे पाणी थांबले. जीवरक्षक जॅकेट फळीखाली गाठोडे बांधून ठेवलेली होती, ओल्या गाठी सुटेनात. आपल्या धाकट्या पुतण्याने आमच्या होडीत येऊन स्वतःच्या अंगातले जॅकेट काढले, ते माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला घातले, पट्टा त्याच्या पायांमधून घेऊन आवळला आणि मगच नाळेला ओढायचा दोर बांधला.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ‘दृष्टी’ या खासगी संस्थेचे जीवरक्षक आहेत, समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, आणि या सर्वांविषयी मला आदरच आहे. पण दांड्यावरच्या माणसाकडे कधीकधी मोजकी मिनिटेच असतात, आणि तेवढ्या वेळात पोहोचू शकते ती जवळ असलेली मच्छीमाराची होडीच. ब्रिटनमध्ये १८२४ साली स्थापन झालेली लाइफबोट संस्था आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. त्यांना संस्थेची नौका, पोशाख आणि प्रशिक्षण मिळते. आपण मात्र स्वतःची होडी, स्वतःचे इंधन आणि स्वतःचा बुडालेला दिवस खर्ची घातलात. अशा होड्यांना निदान इंधनाचा खर्च आणि चांगली जॅकेटे मिळावीत, असे मला मनापासून वाटते.

आपण सांगितलेले आमच्या घरात आता पाळले जाते. होडीत बसण्यापूर्वी जॅकेट अंगात चढते, माणसे मोजली जातात, ओहोटीची वेळ विचारली जाते, आणि कुठे चाललो व किती वाजेपर्यंत परतणार हे किनाऱ्यावरच्या एकाला सांगून ठेवले जाते. भाचा तर मोजणी स्वतःच करतो आणि आकडा मोठ्याने दोनदा सांगतो.

आमच्या होडीच्या लोखंडी कडीवर घासून आपला दोर एका जागी निम्मा झिजला होता, हे मी धक्क्यावर पाहिले. आपण तो काही न बोलता गुंडाळून ठेवलात आणि पैसे पुढे केले तेव्हा हात जोडलेत. तेवढ्याच जाडीचा नवा दोर मी म्हापशाहून आणला आहे आणि येत्या रविवारी सकाळी, होड्या परतण्याच्या वेळी, तो घेऊन धक्क्यावर येत आहे. पैसे नाकारलेत, दोर मात्र नाकारू नये, ही विनंती.

आपला ऋणी,
त्या होडीतील एक प्रवासी