खंबाटकी घाटात धावून आलेल्यांचे आभार

साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर आमची टर्बो पेट्रोल गाडी एकाएकी जुन्या ट्रॅक्टरसारखी धडधडू लागली. मागून हातवारे करत "आधी इंजिन बंद करा!" म्हणून ओरडणारे टेम्पोवाले काका, पहिले आभार तुमचे. इंजिनच्या आतलं बेअरिंग गेलेलं असतं, तर त्या चढावर पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडने इंजिनचा ब्लॉकच फोडला असता. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून, त्यात धातूची कचकच नाही, हेही तुम्हीच दाखवलंत.

क्रेनने गाडी सुरूर फाट्याला आणली. तिथले मिस्त्री म्हणजे कमाल माणूस! फोनवर एक तज्ज्ञ मित्र इंजिन उतरवायचा सल्ला देत होता (त्याचे आभार नंतर बघू). मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनवर ठिकठिकाणी टेकवलं. खालून ठोका नाही. मग सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या एकेका इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढून पाहिला. बेअरिंगचा आवाज असता तर खराब बेअरिंगच्या सिलिंडरची ठिणगी तोडताच मंदावला असता. इथे तो नुसता अडखळला. शेवटी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबलं, तशी खालून फुसफुस वाढली. टॉर्च धरणाऱ्या पोराला काजळी दिसली: एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा, जाळीदार लवचीक फ्लेक्स पाइप फाटला होता.

तात्पुरत्या वेल्डिंगचे तेवढे पैसे घेतलेत, मिस्त्री. तपासणीचे नाहीतच. आणि शेजारच्या हॉटेलातल्या मावशी, आईच्या गोळीची वेळ सांभाळून तुम्ही गरम भाकरी दिलीत, त्याबद्दल तिने खास नमस्कार सांगितलाय.