तीन मीटरच्या फटीत ऊन उतरणार कसे?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

झोपडपट्ट्यांतल्या लोकांसाठी बांधलेल्या पुनर्वसन इमारतींच्या रचनेवर टीका करणारा लेख आपल्या दैनिकात आला आणि पाठोपाठ काही वाचकांची नाराजीची पत्रेही आली. ‘आयुष्यभराच्या वणवणीनंतर मिळालेली ही घरे आहेत. त्यांना नावे ठेवून तिथे राहणाऱ्यांचा अपमान करू नका,’ असा त्या पत्रांचा सूर होता. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या अशाच एका इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. नोकरीची सगळी वर्षे आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढण्यात गेली. नाराज वाचकांच्या भावना मला कळतात, पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. घरावर टीका झालीच पाहिजे, आणि ती आम्ही रहिवाशांनी सगळ्यांत आधी केली पाहिजे.

आधी जे मिळाले ते सांगतो. घरात स्वतःचा संडास आहे, नळ आहे, दाराला कुलूप लावून गावाला जाता येते. वस्तीत पहाटेच्या अंधारात डबा घेऊन रांगेत उभे राहिलेल्या कोणत्याही बाईला विचारा, या संडासाची किंमत ती सांगेल. ते घर सोडून मागे जायला आमच्यापैकी कोणीही तयार नाही, मीही नाही.

आता आमचा मजला बघा. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारे आणि पॅसेजची दोन्ही टोके भिंतीने बंद. भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइटशिवाय कुलपाचे भोक सापडत नाही. त्या ट्यूबचे बिल मेंटेनन्समध्ये येते आणि मेंटेनन्स थकला की आधी पॅसेजमध्येच अंधार होतो. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते. डक्टमध्ये संडासाचे पाइप, कबुतरांची घाण आणि वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा, म्हणून ती खिडकी बहुतेकांनी कायमची बंद करून टाकली आहे. फोडणीचा धूर घरातच फिरतो. पुढच्या खोलीच्या खिडकीसमोर तीन मीटरवर शेजारच्या इमारतीची खिडकी. त्यांच्या घरातले सगळे आम्हाला दिसते, आमचे त्यांना. त्यामुळे दोन्हीकडचे पडदे दिवसभर ओढलेले. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, कपाटामागची भिंत काळी पडते. वरच्या मजल्यांवर हा त्रास कमी आहे. भाड्याने घर शोधणाराही ‘वरचं आहे का?’ असेच आधी विचारतो.

यात बेकायदा काही नाही, हेच मला सांगायचे आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की उष्ण आणि दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश इतक्या खिडक्या हव्यात. नकाशावर खिडकी दाखवली की कागद पूर्ण होतो. ती खिडकी उघडल्यावर समोर काय येते, तिच्यातून आकाशाचा तुकडा तरी दिसतो का, हे पाहणे मात्र मंजुरीच्या टेबलावर राहून जाते.

याच शहराला हे एकेकाळी कळत होते. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांत उजेड आणि हवा आणणे हे त्याचे एक मोठे काम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा असता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत साधारण तेवीस मीटर भरते. म्हणजे मध्ये साडेअकरा मीटर हवे होते. आम्हाला मिळाले तीन.

सूर्याचे गणितही सांगतो, पट्टी-पेन्सिल घेऊन कोणीही ताडून पाहावे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. दक्षिणेकडे तीन मीटरवर तेवढ्याच उंचीची इमारत उभी असेल, तर ऊन माथ्यापासून जेमतेम सव्वातीन मीटर खाली उतरते. म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्याला ऊन आणि त्याखालच्या सात मजल्यांना सावली, तीही दिवसाच्या सगळ्यांत उजेडाच्या वेळी. इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारा असा छेद, ज्याला आम्ही सेक्शन म्हणतो, काढायला अर्धा तास लागतो. मंजुरीच्या फायलीत तो सोबत लावा असे मी नोकरीत असताना कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

याचे परिणाम आरोग्यावर होतात. गोवंडीतले नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने केला आणि २०१८ मध्ये तो चर्चेत आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत, तिथे क्षयाचे रुग्ण कितीतरी जास्त आढळले. इमारतींत अंतर सोडलेल्या पीएमजी कॉलनीत ते खूपच कमी होते. माणसे त्याच थरातली, रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांसाठी उठवलेली. क्षयाला इतरही कारणे असतात हे मान्य, पण उजेड आणि वारा न पोहोचणाऱ्या घरांचा त्याच्याशी संबंध त्या अभ्यासात स्पष्ट दिसला. आता नाराज वाचकांनीच सांगावे, हे बोलणे अपमान आहे की न बोलणे?

घरावर प्रेम असणे आणि इमारत चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींपेक्षा याचे मोठे उदाहरण मुंबईत सापडणार नाही. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दारे, संडास सामायिक. त्या काळीही त्यांच्यावर सडकून टीका झाली आणि सुरुवातीला कितीतरी खोल्या भाडेकरूंअभावी रिकाम्या पडून होत्या. पुढे त्याच चाळींत गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. गणेशोत्सव, कबड्डीचे संघ, भजनी मंडळे, आंबेडकरी चळवळ, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, सगळे तिथे रुजले. दारे उघडी ठेवून, पॅसेजमध्ये चटया टाकून लोकांनी त्या खोल्यांचे घर केले. पण म्हणून १६० चौरस फुटांत आठ माणसे कोंबणारा नकाशा बरोबर ठरत नाही. त्या वेळी टीका करणारे रहिवाशांच्या विरोधात नव्हते. त्यांचे ऐकले असते तर पुढच्या शंभर वर्षांत किती बायकांचे हाल वाचले असते!

आता त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याही चाळीस मजली इमारतींत. त्या दिवशी वृद्ध रहिवाशांचे डोळे भरून आले असतील तर ते योग्यच होते. पण चाळ असो, म्हाडाची जुनी वसाहत असो की झोपडपट्टी, पुनर्विकासाच्या बैठकीत बोलणी होतात ती फक्त चौरस फुटांची. २२५चे २६९ झाले, २६९चे ३००. धारावीत ३५०चा आकडा ऐकू येतो. प्रत्येक वाढीसाठी लोक झगडले, मोर्चे काढले. पण दोन इमारतींमधले अंतर किती, पॅसेजला खिडकी आहे का, स्वयंपाकघराचा धूर कुठे जाणार, म्हाताऱ्या माणसाने दिवसभर बसायचे कुठे, हे विचारणारा मी एकाही बैठकीत पाहिला नाही. बिल्डरला हे पुरते ठाऊक असते. मागितले ते पंचवीस फूट तो देतो आणि जे कोणी मोजत नाही ते काढून घेतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात तर हेक्टरी किमान ५०० घरांची दाटी होती, ती वाढवून ६५० केली. तेवढ्याच जमिनीवर जास्त घरे आणि शिवाय बिल्डरने बाजारात विकायच्या घरांची इमारत उभी करायची, तर जागा कुठून येणार? आमच्या खिडकीसमोरून.

‘फुकट मिळालंय, तक्रार कसली?’ हे वाक्य आम्ही सतत ऐकतो, आता तर आमचीच पोरे ते म्हणू लागली आहेत. पण हे घर कोणी दान दिलेले नाही. आमची वस्ती जिथे होती त्या जमिनीवर विक्रीचा टॉवर उभा आहे, त्याच्या पैशातून आमची इमारत झाली. त्या टॉवरला चारही बाजूंनी मोकळी जागा सोडलेली आहे. आणि समजा फुकट असते, तरी लहान मुलाच्या फुप्फुसाला त्याचा काय फरक पडतो?

टीका करणाऱ्यांनाही एक विनंती. ‘खुराडी’, ‘कबुतरखाने’ असले शब्द वापरू नका. खिडकीबाहेर वाळणाऱ्या साड्या, ग्रिलमध्ये ठेवलेले पिंप, पॅसेजमधल्या सायकली यांचे फोटो छापून ‘या लोकांना राहायची अक्कल नाही’ असे सुचवू नका. नाराज वाचकांना लागले ते हेच, आणि तिथे त्यांचे बरोबर आहे. साडी खिडकीबाहेर येते कारण नकाशात कपडे वाळवायची जागाच नाही. पिंप ग्रिलमध्ये जाते कारण पाणी दोनच तास येते. असे बदल दिसले की त्यात रहिवाशाने सांगितलेली नकाशाची चूक वाचावी. नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली. बैठी घरे, छोट्या अंगणांभोवती मांडलेली, शेजारच्याशी भिंत सामायिक नसलेली, म्हणजे ज्याला जमेल तसे त्याने वाढवावे. लोकांनी खरोखरच वाढवले, कित्येकांनी मूळ घर पाडून नवे बांधले. कोरियांच्या मूळ घरांपैकी आज थोडीच ओळखू येतात, तरी अंगणे राहिली, कारण नकाशात रहिवाशाच्या हाताला वाव होता. आमच्या इमारतीत एक खिडकी मोठी करायची तर तेवढाही वाव नाही.

म्हणून मागणी अशी. पुनर्विकासाला संमती घेण्याआधी प्रत्येक सोसायटीच्या फलकावर इमारतींचा छेद मराठीत लावावा. दोन इमारतींमधले अंतर आणि डिसेंबरमध्ये ऊन कोणत्या मजल्यापर्यंत येते हे त्यात दाखवलेले असावे. पॅसेजचे निदान एक टोक बाहेर उघडे ठेवण्याची आणि स्वयंपाकघराची खिडकी संडासाच्या डक्टमध्ये न उघडण्याची सक्ती असावी. ताबा मिळून पाच वर्षे झाली की महापालिकेने घरोघरी जाऊन विचारावे, ओल किती, खोकला किती, दिवा किती तास लागतो, आणि ती उत्तरे पुढच्या प्रकल्पाच्या मंजुरीसाठी वापरावीत. धारावीचे आणि बीडीडीच्या उरलेल्या इमारतींचे नकाशे अजून बदलता येतील. आमच्या मजल्याचा सेक्शन मी काढून ठेवला आहे, आपल्या वार्ताहराला हवा असल्यास देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)