आई म्हणते, एकच डोळा पुरे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

माझ्या आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सरकारी शिबिरातून काढला. एक रुपयाही लागला नाही. १९७६ पासून चालत आलेल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचं आमच्यासारख्या घरांवर मोठं ऋण आहे, ते मी मनापासून मानते. हे पत्र ऑपरेशननंतरच्या आठवड्याबद्दल आहे.

आई स्वभावानेच धास्ती घेणारी. ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो. तोंडावर कापड, डोळ्यावर झगझगीत दिवा, हलायचं नाही. टेबलावरून उतरली तरी ती भीती तिच्यासोबत घरी आली. पट्टी काढल्यावर तिला सगळं निळसर दिसायला लागलं. पिवळट पडलेलं जुनं भिंग निघालं की काही दिवस असं वाटतं, हे मला नंतर कळलं. तिला वाटलं, डोळा बिघडला. तासातासाला डावा डोळा झाकून ती भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तारखा वाचून बघायची. थेंब टाकायला गेलं की पापण्या घट्ट आवळायची आणि औषध गालावर ओघळायचं.

तपासणीच्या वेळी तिने एकामागून एक प्रश्न विचारले. उत्तर मिळालं, "आजी, तुम्ही फार विचार करता. काही झालेलं नाही." ते खरंच होतं. पण आईने त्यातून एवढंच घेतलं, की पुन्हा विचारायचं नाही. सहाव्या रात्री डोळा ठणकायला लागला, लाल झाला, तरी ती गप्प पडून राहिली. सकाळी तिचा चेहरा पाहून मला कळलं. आत सूज निघाली. औषध वाढवल्यावर उतरली. तो जंतुसंसर्ग असता तर ती एक रात्र डोळा घेऊन गेली असती. घाबरणाऱ्या पेशंटला गप्प केलं की तो नेमका बोलायच्या वेळी बोलत नाही, हे मी घरात पाहिलंय.

महोदय, यासाठी नवी इमारत किंवा यंत्र लागणार नाही. ऑपरेशनच्या आधी सगळे रांगेत बसलेलेच असतात. तेव्हा नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी पंधरा मिनिटं बोलावं. थोडं खुपेल, पाणी येईल, उजेड सहन होणार नाही, रंग वेगळे दिसतील. ते कमी होत जाईल. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर घटली किंवा पू आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, यायचं. हेच चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत आणि चित्रांत असावं, खाली उचलला जाणारा फोन नंबर असावा. थेंब टाकणं नातेवाइकाकडून एकदा समोर करवून घ्यावं: खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब, डोळा अलगद मिटायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. आम्हाला ते कुणी दाखवलं नाही.

आशाताई पेशंटला शिबिरापर्यंत आणतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशीची घरभेटही त्यांच्या कामात धरा, मात्र वेगळ्या मोबदल्यासह. फुकट राबवून नको. भीतीने ज्यांची झोपच उडते त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. डोळ्यांच्या वॉर्डात तो लावलेला मला दिसला नाही.

आईचा डावा डोळा अजून बाकी आहे. डॉक्टर म्हणतात, आता लांबवू नका. मी रोज विषय काढते. आई म्हणते, एकच डोळा पुरे.

आपली,
एका पेशंटची मुलगी